प्रयोगशाळेतील पदासाठीचे परिचयपत्र : एका उपयोजित गद्यप्रकाराचा विचार

उपयोजित गद्याचा विचार करताना अर्ज, अहवाल, इतिवृत्त, सूचनापत्र ह्यांचा उल्लेख होतो. परंतु ज्याच्या एक-दोन पानांवर एखाद्या तरुण संशोधकाची पुढील काही वर्षे अवलंबून असतात, त्या परिचयपत्राकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. व्यवहारात त्याला बायोडाटा, रेझ्युमे किंवा सी. व्ही. असे म्हणतात. ‘रेझ्युमे’ हा फ्रेंच शब्द ‘सारांशरूप केलेले’ अशा अर्थाचा आहे. सी. व्ही. ह्या अक्षरांमागील लॅटिन शब्दसमूहाचा अर्थ ‘आयुष्याचा मार्गक्रम’ असा होतो. मराठीत ‘आत्मवृत्त’ हा शब्द ह्या अर्थाच्या जवळ जाणारा होता. परंतु धोंडो केशव कर्वे ह्यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे ते नाव आहे, आणि त्या शब्दातून समग्र आयुष्याचे कथनच सूचित होते. परिचयपत्राचा हेतू निराळा आहे. आत्मचरित्रात लेखक स्वतःच्या आयुष्याचा अर्थ लावतो. परिचयपत्रात अर्थ लावण्याचे काम वाचकाकडे असते. हा वाचक अनोळखी असतो, त्याला वेळ थोडा असतो, आणि वाचून झाल्यावर त्याला निर्णय द्यावयाचा असतो.

प्रयोगशाळेतील संशोधनपदासाठी लिहिलेले परिचयपत्र हा ह्या प्रकारातील सर्वांत कसोटीचा नमुना म्हणता येईल. येथील वाचक स्वतः प्रयोग करणारा असतो. कोणतेही विधान पुढे आले की ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची त्याला सवय असते. त्यामुळे अशा परिचयपत्राचे सामर्थ्य भाषेच्या भारदस्तपणावर अवलंबून नसते. त्यातील किती विधाने त्रयस्थाला पडताळून पाहता येतात, ह्यावर ते अवलंबून असते. ह्या एका कसोटीवर त्याची रचना, त्याचे व्याकरण आणि त्याची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. विशेषणांची प्रशस्ती आणि कृत्यांची नोंद

कर्तृत्व थोडक्यात सांगण्याचे दोन मार्ग भारतीय लेखनपरंपरेला फार पूर्वीपासून परिचित आहेत. नाशिकच्या लेण्यांत वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील एक शिलालेख आहे. त्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी ह्याचे गुणगान केले आहे. त्या प्रशस्तीचा मोठा भाग दीर्घ समासांनी व्यापलेला आहे : राजाचे मुख कसे, त्याचे बाहू कसे, त्याचा पराक्रम कोणासारखा, तो कोणाकोणाचा निर्दाळक. भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवरील खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाची मांडणी मात्र वेगळी आहे. तेथे मजकूर राज्यवर्षांच्या क्रमाने पुढे सरकतो. पहिल्या वर्षी वादळाने मोडलेल्या कलिंगनगरीच्या वेशी व तट दुरुस्त केले. पाचव्या वर्षी नंदराजाने खणलेला कालवा नगरीपर्यंत आणला. ह्या लेखातही स्तुती आहे, परंतु तिच्या पाठीशी वर्ष, स्थळ आणि कृत्य उभे आहे.

आज आपल्याकडे लिहिल्या जाणाऱ्या परिचयपत्रांत पहिल्या मार्गाचा प्रभाव अधिक दिसतो. ‘मेहनती, प्रामाणिक, जिज्ञासू, सांघिक कार्याची आवड असलेला’ ही विशेषणमाला प्रशस्तीच्याच कुळातील आहे. फरक इतकाच की प्रशस्तीत राजाची स्तुती दुसरा कोणी करतो, येथे उमेदवार स्वतःच करतो. ह्या विशेषणांचा दोष असा नव्हे की ती खोटी असतात. ती शंभरांतल्या शंभर अर्जांत असतात, म्हणून त्यांच्या आधारे कोणाची निवडही करता येत नाही आणि कोणाला वगळताही येत नाही.

आपल्या परिचयपत्रावर आणखी एका लेखनप्रकाराची छाया पडलेली आहे. ‘बायोडाटा’ हा शब्द मराठी घरांत बहुधा लग्नाच्या संदर्भात प्रथम ऐकू येतो. जन्मवेळ, रास, उंची, वर्ण, मामेकुळ, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची लग्ने हा त्याचा ठरलेला मजकूर. नोकरीच्या कागदावर वडिलांचे पूर्ण नाव, वैवाहिक स्थिती, छंद ह्यांना जी जागा मिळते, ती ह्याच साच्यातून आलेली दिसते. विवाहाच्या कागदात माणसाची ओळख कुळावरून होते. प्रयोगशाळेच्या कागदात ती त्याच्या हातून झालेल्या कामावरून व्हावी अशी अपेक्षा असते. शासकीय संस्थेच्या विहित नमुन्यात जन्मतारीख, प्रवर्ग, प्रमाणपत्रे ह्यांची मागणी असेल तर ती माहिती त्या नमुन्यात बिनचूक भरलीच पाहिजे. परंतु विहित नमुना आणि स्वतः रचलेले परिचयपत्र हे दोन निराळे कागद आहेत, हे भान सुटता कामा नये.

२. फॅरडेने पाठविलेले पुस्तक

पडताळता येणारे विधान म्हणजे काय, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेतील एका नेमणुकीचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. मायकेल फॅरडे (जन्म १७९१) हा लोहाराचा मुलगा. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात तो उमेदवारी करीत होता. त्याचे शालेय शिक्षण नाममात्र होते. विज्ञानाच्या सेवेत काही काम मिळावे म्हणून त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स ह्यांना पत्र लिहिले. त्याला उत्तर आले नाही. १८१२ साली दुकानाच्या एका ग्राहकाने दिलेल्या प्रवेशिकांवर त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही ह्यांची चार व्याख्याने ऐकली. त्यांची टिपणे त्याने विस्ताराने पुन्हा लिहून काढली, उपकरणांच्या आकृत्या काढल्या, सर्व पाने स्वतः बांधली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो ग्रंथ पत्रासह डेव्हींकडे पाठविला. ह्या वेळी उत्तर आले. पुढे प्रयोगशाळेतील साहाय्यकाची जागा रिकामी झाली आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडेची तेथे नेमणूक झाली.

पहिल्या आणि दुसऱ्या पत्रांत इच्छा एकच होती. भेद पुराव्याचा होता. आपण लक्षपूर्वक ऐकतो, ऐकलेले क्रमवार मांडतो, उपकरण पाहून त्याची आकृती काढू शकतो आणि हाताने नीटनेटके काम करतो, ह्यांपैकी काहीही दुसऱ्या वेळी नुसते सांगून थांबण्याची त्याला गरज नव्हती. ते सर्व गुण त्या बांधीव पानांत प्रत्यक्ष हजर होते, आणि प्रयोगशाळेतील साहाय्यकाच्या कामाला नेमके तेच लागत होते. आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. तो ग्रंथ कोणत्याही वैज्ञानिकाला पाठविण्याजोगा सर्वसाधारण नमुना नव्हता. तो डेव्हींच्या कामावर होता आणि डेव्हींनाच पाठविलेला होता. आजही ज्या प्रयोगशाळेत अर्ज करावयाचा, तिचे अलीकडचे संशोधन वाचून आपल्या कामाशी त्याचा सांधा कोठे जुळतो हे सोबतच्या पत्रात दोन वाक्यांत सांगणारा उमेदवार फॅरडेच्याच वाटेने जात असतो.

३. आजच्या परिचयपत्राची अंगे

आजच्या भारतीय प्रयोगशाळेत अशी बांधीव वही पाठविण्याची सोय नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था किंवा एखाद्या विद्यापीठाचा विभाग ह्यांत संशोधनाची वाट दोन प्रकारांनी उघडते. नेट, गेट ह्यांसारख्या परीक्षा हा एक प्रकार. ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली, ह्यावरून ह्या वाटेचे मोल तरुणांच्या दृष्टीने काय असेल हे कळते. दुसरा प्रकार प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या भरल्या जाणाऱ्या जागांचा. दोन्हींकडे मुलाखतीपूर्वी किंवा मुलाखतीच्या वेळी जो कागद समोर असतो, तो परिचयपत्राचा.

त्याची अंगे थोडी आहेत. नाव व संपर्क, शिक्षण, अलीकडचे आधी, परीक्षा, तिचे वर्ष व क्रमांक, संशोधनाचा अनुभव, अवगत तंत्रे, शोधनिबंध व परिषदांतील सादरीकरणे, आणि ज्यांची पूर्वसंमती घेतली आहे अशा दोन-तीन मार्गदर्शकांची नावे. ह्यांतील तीन अंगांत वाचकाची नजर अधिक रेंगाळते आणि नेमक्या तेथेच बहुतेक परिचयपत्रे दुबळी पडतात.

पहिले अंग अनुभवाचे. येथे संस्थेचे नाव, मार्गदर्शक आणि कालावधी एवढ्यावर अनेकजण थांबतात. वाचकाला मात्र चार गोष्टी हव्या असतात : प्रश्न कोणता होता, तो सोडविण्यासाठी काय केले, त्यात उमेदवाराचा स्वतःचा वाटा किती, आणि हाती काय आले. हाती काही आले नसेल तर तेही सांगता येते. एखादी अभिक्रिया अपेक्षेप्रमाणे झाली नाही आणि तिचे कारण आर्द्रतेत सापडले, हे एका ओळीत लिहिणारा उमेदवार अनुभवी वाचकाला अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण प्रयोगशाळेचे रोजचे जीवन अशाच गोष्टींनी भरलेले असते.

दुसरे अंग तंत्रांचे. पी. सी. आर., जेल इलेक्ट्रोफोरेसिस, कॉलम क्रोमॅटोग्राफी, एच. पी. एल. सी., एन. एम. आर. अशी नावांची रांग लावली जाते. परंतु ह्या नावांमागे ज्ञानाच्या निदान तीन पायऱ्या असतात. काही तंत्रे स्वतंत्रपणे करता येतात आणि बिघडल्यास दुरुस्तही करता येतात. काही देखरेखीखाली केलेली असतात. काहींच्या बाबतीत आपला नमुना यंत्रचालकाकडे दिला आणि आलेख हाती आला, एवढाच संबंध असतो. तिसऱ्या पायरीवरही आलेखाचा अर्थ लावता येणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते तसेच लिहावे. तिन्ही पायऱ्या एका रांगेत बसविल्या की मुलाखतीतील पहिल्याच नेमक्या प्रश्नाला सारी रांग संशयास्पद ठरते; जे खरोखर येत होते त्यावरचाही विश्वास उडतो.

तिसरे अंग प्रकाशनांचे. प्रसिद्ध झालेला, स्वीकारला गेलेला, परीक्षणासाठी पाठविलेला आणि अद्याप लिहिला जात असलेला निबंध ह्या चार वेगवेगळ्या अवस्था आहेत. त्यांची सरमिसळ ही अतिशयोक्ती ठरत नाही, खोटी नोंद ठरते. लेखकांच्या नावांचा क्रमही छापला गेला तसाच द्यावा लागतो.

ह्या सर्वांचा आधार एकच आहे : प्रयोगवही. तारीख, पदार्थ, प्रमाण, कृती, निरीक्षण ह्यांची रोजच्या रोज केलेली नोंद म्हणजे प्रयोगवही. परिचयपत्रातील प्रत्येक ओळीमागे तिचे एखादे पान दाखविता यावे, ही कसोटी लावली की काय ठेवावे आणि काय गाळावे हे बहुतांशी आपोआप ठरते.

४. क्रियापदाचा प्रश्न

येथे हा विषय भाषेच्या अभ्यासकाच्या क्षेत्रात येतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात एम. एस्सी. झालेली एक विद्यार्थिनी आपल्या प्रबंधिकेविषयी लिहिते : ‘मातीतील सूक्ष्मजीवांवर संशोधन करण्यात आले. विविध आधुनिक तंत्रांचा वापर करण्यात आला. निष्कर्ष समाधानकारक आहेत.’ ह्या तीन वाक्यांत खोटे काही नाही आणि कळण्याजोगेही काही नाही. ‘करण्यात आले’ ही रचना शासकीय पत्रव्यवहारातून व शास्त्रीय अहवालांतून आपल्या अंगवळणी पडली आहे. अहवालात तिचे समर्थन करता येईल, कारण तेथे कृती महत्त्वाची आणि कर्ता गौण असतो. परिचयपत्रात वाचक शोधत असतो तो कर्ताच, आणि ही रचना त्यालाच पडद्याआड ठेवते.

तेच काम पुढीलप्रमाणे लिहिता येईल : ‘तुरीच्या शेतांतील मातीच्या १२ नमुन्यांतून फॉस्फेट विरघळविणारे ४३ जिवाणू आयसोलेट पिकोव्हस्काया माध्यमावर मिळविले. त्यांपैकी ६ निवडून प्रत्येकाने विरघळविलेले फॉस्फेट रंगमापन पद्धतीने तीन-तीनदा मोजले. सर्वांत प्रभावी आयसोलेटच्या जनुकाची क्रमनिश्चिती बाहेरील सेवेकडून करून घेतली; आलेल्या क्रमाची तुलना स्वतः केली. रोपांवरील कुंडीचाचणी सुरू केली, पण मुदतीत पुरी झाली नाही.’ येथे ‘मी’ हा शब्द एकदाही आलेला नाही, एकही विशेषण स्वतःसाठी वापरलेले नाही, आणि तरीही लिहिणारी व्यक्ती स्पष्ट दिसते. तिला निर्जंतुक वातावरणात काम करता येते, मोजमापाची पुनरावृत्ती का करावयाची हे कळते, आणि स्वतःचे व दुसऱ्याचे काम वेगळे सांगण्याइतकी ती प्रामाणिक आहे, हे तिने न सांगता कळते.

विनय हा येथील खरा अडसर आहे. स्वतःच्या कामाविषयी ठामपणे लिहिणे म्हणजे बढाई, असा संस्कार आपल्याकडे घरांतून आणि शाळांतून होतो. विशेषतः ज्यांच्या घरात महाविद्यालयात जाणारी पहिलीच पिढी आहे, त्यांचे परिचयपत्र ह्या संस्कारामुळे दोन टोकांना जाते : एक तर उसनी विशेषणे, नाही तर अबोल कर्मणी वाक्ये. वास्तविक बढाई आणि नोंद ह्यांतील सीमारेषा मराठी क्रियापद फार सूक्ष्मपणे आखू शकते. ‘केले’, ‘करून घेतले’, ‘करायला शिकले’, ‘करू लागले’ आणि ‘करताना पाहिले’ ही पाच रूपे सहभागाच्या पाच पायऱ्या दाखवितात. त्यांतले ‘करू लागणे’ हे तर घरोघरी रुळलेले आहे : लेक आईला स्वयंपाकात करू लागते, म्हणजे काम आईचे आणि हातभार लेकीचा. प्रयोगशाळेत वरिष्ठाला करू लागणारा उमेदवार ह्याहून निराळे काही करीत नाही. परिचयपत्र बहुधा इंग्रजीत जाते हे खरे. परंतु ‘असिस्टेड’ हे एकच क्रियापद सर्वत्र चिकटविण्यापूर्वी ह्या पायऱ्यांतून आपले काम एकदा मराठीत सांगून पाहिले, तर कोणत्या ओळीला कोणते इंग्रजी क्रियापद शोभेल ह्याचा उलगडा होतो.

५. कागदाची मर्यादा

परिचयपत्र कितीही सबळ असले तरी ते वाचणारा न्यायी असेलच असे नाही. ह्याचे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना जवळचे वाटावे असे उदाहरण दुर्गा भागवत ह्यांच्या धाकट्या भगिनी कमला भागवत (पुढे कमला सोहोनी) ह्यांचे आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी प्रथम क्रमांकाने मिळवून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन होते. अर्जातील गुणवत्तेत उणे काढण्यासारखे काही नव्हते; तरी अर्जदार स्त्री आहे ह्या कारणावरून तो नाकारण्यात आला. कमलाबाईंनी तो नकार मानला नाही. त्या स्वतः बंगळूरला गेल्या आणि त्यांनी प्रवेशाचा आग्रह धरला. अखेर वर्षभराच्या परीक्षेच्या अटीवर, संचालकांचे समाधान झाले तरच काम ग्राह्य धरले जाईल अशा बोलीवर, त्यांना घेतले गेले. वर्षाअखेर त्यांच्या कामाविषयी प्रश्न उरला नाही, आणि त्या संस्थेचा दरवाजा पुढील विद्यार्थिनींनाही उघडला. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली; विज्ञानशाखेत हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

ह्या घटनेतून परिचयपत्र निरुपयोगी आहे असा निष्कर्ष निघत नाही. जो नकार मिळाला तो कागदातील कोणत्याही ओळीवर आधारलेला नव्हता, म्हणूनच त्याचा अन्याय उघडा पडला. कागद निर्दोष असेल तर नाकारणाऱ्याला आपले खरे कारण लपविणे कठीण जाते. दुबळ्या कागदाच्या बाबतीत ही सोय नसते. तेथे पूर्वग्रहालाही गुणवत्तेचे निमित्त सापडते, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही तो झाला हे सिद्ध करता येत नाही. ज्यांच्यामागे नाव, ओळख किंवा मोठ्या शहरातील संस्था नाही, त्यांच्यासाठी परिचयपत्राची ओळ न् ओळ पडताळण्याजोगी असणे म्हणूनच अधिक निकडीचे ठरते.

६. अध्यापनाचा मुद्दा

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमांत अर्जलेखन शिकविले जाते. ते बहुधा साचा म्हणून शिकविले जाते : मायना कोठे, विषय कोठे, ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे’ हे निवेदन कोठे. साचा आवश्यक आहे; परंतु वरील विवेचनावरून दिसते की ह्या लेखनाचा गाभा मायन्यात वा निवेदनात नाही. विशेषणाऐवजी कृत्य ठेवणे, कर्त्याला वाक्यात परत आणणे, सहभागाच्या पायरीला साजेसे क्रियापद निवडणे आणि अपुऱ्या कामाला अपुरे म्हणणे ही सर्व भाषिक कौशल्ये आहेत. ती विज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्याच्या विभागात सहसा कोणी शिकवीत नाही, आणि भाषाविभाग ती आपली मानीत नाहीत. दोन विभागांमधील ह्या रिकाम्या जागेत दरवर्षी काही चांगले हात हरवतात. सत्य हे निवेदनाच्या ओळीत शेवटी जाहीर करावयाचे नसून प्रत्येक वाक्याच्या बांधणीत ठेवावयाचे असते, एवढी गोष्ट भारतीय भाषांच्या वर्गांतून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचली, तरी ती जागा बरीचशी भरून निघेल.